देवाची इच्छा आणि माणसाचा निर्णय
(लेखमाला : ख्रिस्ती जीवनाची ओळख – लेखांक ९)

ख्रिस्ती घरात ‘प्रभूची इच्छा’ हे शब्द दोन प्रसंगी हमखास ऐकू येतात. घरात कुणी गेले की ते सांत्वनासाठी येतात, आणि नोकरी, लग्न, शिक्षण यांचा निर्णय तोंडावर आला की प्रश्न होऊन येतात. शब्द तेच असले तरी दोन्हीकडे अर्थ वेगळा असतो. जगात जे काही घडते ते देवाच्या हाताबाहेर नाही, हा पहिला अर्थ. देवाची ही योजना माणसाला आधी कळत नाही. गुप्त गोष्टी देवाच्या आणि प्रकट केलेल्या गोष्टी माणसांच्या, अशी वाटणी बायबलमधल्या अनुवाद या ग्रंथाच्या २९व्या अध्यायात केलेली आहे. माणसाने कसे वागावे याविषयी देवाने जे सांगून ठेवले आहे, तो दुसरा अर्थ. खोटे बोलू नये, शेजाऱ्यावर प्रीती करावी, विधवा आणि अनाथ यांची काळजी घ्यावी, या गोष्टींसाठी वेगळे मार्गदर्शन मागावे लागत नाही. तिसरा अर्थ व्यक्तीपुरता आहे : समोर दोन वाटा आहेत, दोन्ही निषिद्ध नाहीत, तर मी कोणती धरावी? गोंधळ होतो तो बहुधा या तिसऱ्या ठिकाणी. पहिल्या प्रकारची गुप्त माहिती काढून तिसऱ्या प्रकारचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न होतो आणि दुसऱ्या प्रकारचे जे आधीच हातात आहे त्याकडे दुर्लक्ष होते.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागात असे प्रश्न रोजच्या जगण्यातून उभे राहतात. मुलाला मराठी शाळेत घालावे, कन्नड की इंग्रजी? नोकरीसाठी पुणे गाठावे, गोवा की आखात? मुलीला नर्सिंगला मिरजेला पाठवावे का? कॅथलिक घरातले स्थळ मेथडिस्ट घराने स्वीकारावे का? यांपैकी एकाचेही थेट उत्तर पवित्र शास्त्रात नाही. तरीही त्या उत्तरापर्यंत पोहोचायच्या पद्धतीचा विचार मंडळीने शतकानुशतके केला आहे, आणि त्यातल्या दोन प्रमुख परंपरा बेळगावात शेजारी शेजारी नांदतात. लंडन मिशनरी सोसायटीचे काम इथे १८२० मध्ये सुरू झाले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आले; म्हणजे मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचा वारसा आला. कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा १८५६ची. ती कॅथलिक जेझुइट संघाचे धर्मगुरू चालवतात, आणि त्यांच्यामागे संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची निर्णयपद्धती आहे. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला.

कौल आणि चिन्हे

मूर्तीला फुले लावून डावे पडते की उजवे हे पाहण्याची, म्हणजे कौल लावण्याची रीत गोव्यात, कोकणात आणि घाटावरही परिचित आहे. ख्रिस्ती घरात असा कौल लावत नाहीत. पण कौलाची सवय वेगळ्या रूपात टिकून राहते. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन उत्तर म्हणून घ्यायचे. किंवा ‘अमुक तारखेच्या आत फोन आला तर हो, नाहीतर नाही’ अशी देवाला अट घालायची. आधाराला गिदोनाची लोकर, म्हणजे तिच्यावर दव पडते की नाही यावरून त्याने देवाकडे मागितलेले चिन्ह, पुढे केली जाते. पण शास्ते ६ नीट वाचले तर गिदोनाला काय करायचे ते आधीच स्पष्ट सांगितलेले होते. लोकरीचे चिन्ह त्याने मागितले ते मन कचरत होते म्हणून. देवाने ती मागणी सहन केली. पुढच्यांसाठी नियम घालून दिला नाही.

चिठ्ठ्यांचेही तसेच. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात आहे. पेन्टेकॉस्टनंतर मात्र त्या ग्रंथात चिठ्ठ्या पुन्हा दिसत नाहीत. सहाव्या अध्यायात सात सेवक निवडायची वेळ आली तेव्हा लौकिक, आत्मा आणि शहाणपण या कसोट्या सांगून निवड मंडळीवर सोपवली गेली.

चिठ्ठ्यांनी काय होऊ शकते हे खुद्द वेस्लीच्या आयुष्यात दिसते. १७३७ मध्ये तो जॉर्जियातल्या सव्हाना वसाहतीत पाळक होता आणि सोफी हॉपकी या तरुणीशी लग्न करावे की नाही या पेचात होता. मित्राच्या साथीने त्याने तीन चिठ्ठ्या केल्या : लग्न कर, या वर्षी विचार करू नको, यापुढे विचारच करू नको. तिसरी निघाली. काही दिवसांतच सोफीने दुसऱ्याशी लग्न केले. काही महिन्यांनी वेस्लीने तिला प्रभुभोजन नाकारले, प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्ष संपता संपता त्याला वसाहत सोडावी लागली. चिठ्ठीने प्रश्नाचे उत्तर दिले होते. मनातली गुंतागुंत तिने सोडवली नव्हती. पुढे छापलेल्या एका प्रवचनात त्याने याच विषयाला हात घातला. देवाची इच्छा कळण्याचा नेहमीचा मार्ग स्वप्ने, दृष्टान्त किंवा अचानक आलेल्या ऊर्मी हा नाही, असे त्याचे तिथले म्हणणे आहे. आपण पवित्र व्हावे आणि भले करावे ही देवाची इच्छा शास्त्र सांगते. हातातल्या प्रसंगी कोणत्या वाटेने ते अधिक साधेल हे बुद्धीने आणि अनुभवाने ठरवायचे.

शास्त्र काय ठरवते, काय मोकळे सोडते

पहिली कसोटी शास्त्राचीच, कारण जे निषिद्ध आहे त्यासाठी कितीही प्रार्थना केली तरी ते देवाच्या इच्छेत बसत नाही. हुंडा घ्यावा का, खोटा दाखला जोडावा का, भावाच्या वाट्याची जमीन दाबावी का, हे ‘मार्गदर्शन’ मागण्याचे विषय नव्हेत. मात्र सुटे वचन म्हणजे शास्त्र नव्हे. अरण्यातल्या परीक्षेत सैतानानेही स्तोत्रातलेच वचन पुढे केले होते, आणि येशूने त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर दिले. वचनाचा संदर्भ आणि संपूर्ण शास्त्राचा कल दोन्ही पाहावे लागतात.

शास्त्र जिथे थेट बोलत नाही तिथे तत्त्व लावावे लागते. निपाणीचा तंबाखू हे याचे जवळचे उदाहरण. या भागातले शिवार, वखारी आणि विडीचा धंदा यांवर हजारो घरे चालत आली आहेत. तंबाखूचा उल्लेख बायबलमध्ये नाही. शरीर हे देवाचे मंदिर आहे आणि शेजाऱ्याचे हित पाहावे, ही तत्त्वे एका बाजूला आहेत. आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले खडे बोल दुसऱ्या बाजूला. हजारी विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणारी बाई आणि वखारीचा मालक यांना एकच उत्तर देता येत नाही. पर्याय ज्याच्या हातात अधिक, त्याची जबाबदारीही अधिक. बाईपुढे कदाचित मुलांना या कामात न ओढता शाळेत ठेवण्याचा निर्णय असेल. मालकापुढे मजुरांचे आरोग्य, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि पुढच्या पिढीचा धंदा.

काही बाबतींत शास्त्र माणसाला खरोखर मोकळे सोडते. विधवेने पुन्हा लग्न करायचे तर तिच्या मनाला येईल त्याच्याशी करावे, फक्त ते प्रभूमध्ये असावे, असे पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात लिहितो. अट एकच, बाकीची निवड तिची. दोन चांगल्या पर्यायांपैकी एकच ‘बरोबर’ आणि दुसरा निवडला तर आयुष्य वाया, ही भीती शास्त्रातून आलेली नाही.

सल्ला, कुटुंब आणि मंडळी

सल्लागार पुष्कळ असले म्हणजे कल्याण होते, असे नीतिसूत्रे सांगतात. यरुशलेमेच्या सभेत मोठा वाद झाल्यावर पवित्र आत्म्याला व आम्हांला असे योग्य वाटले, अशा भाषेत निर्णय कळवला गेला. पाळक, धर्मगुरू, घरातली वडीलधारी माणसे आणि त्या कामातला जाणता यांचे ऐकणे हा म्हणूनच पद्धतीचाच भाग आहे. माणूस स्वतःच्या इच्छेला देवाची इच्छा समजू लागला तर पहिली शंका बाहेरचाच घेऊ शकतो.

पण सल्ला देणारेही चुकतात, आणि सर्वांचे एकमत म्हणजे देवाचा आवाज असे नसते. पौलाने यरुशलेमेला जाऊ नये म्हणून मित्रांनी रडून विनवले; तो ऐकेना, तेव्हा प्रभूची इच्छा पूर्ण होवो म्हणून त्यांनी ते सोडून दिले. निपाणीहून महामार्गाने तासाभरावर असलेल्या कोल्हापुरात याच पेचाचा एक दाखला आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये तिथे आले. शाळांविषयीच्या धोरणावरून त्यांचे मिशनच्या मंडळाशी बिनसले आणि मंडळाने त्यांच्याशी संबंध तोडला. १८६१ मध्ये ते मंडळाच्या आधाराविना कोल्हापुरात परतले. जवळजवळ दशकभरानंतर ते काम प्रेस्बिटेरियन मंडळाने स्वीकारले. एका मंडळाने नाकारलेले पाचारण दुसऱ्याने ओळखले, पण मधली वर्षे वाइल्डरांना एकट्याने काढावी लागली. एकट्याने पुढे जाणाऱ्याने ही किंमत धरूनच चालावे लागते.

कुटुंबात आणखी एक मर्यादा येते : एकाला उमगलेली वाट दुसऱ्यावर लादता येत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. ताटातूट, माहेरचा धाक आणि सोवळ्याओवळ्याचा प्रश्न यांतून वाट काढत त्या स्वतःच्या पायांनी पुढे आल्या आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हा प्रवास पतीच्या निर्णयाची शेपटी वाटत नाही, तो त्यांचा स्वतंत्र निर्णय वाटतो.

बेळगावचा एक निर्णय

आधुनिक मराठी गद्याच्या आरंभीच्या लेखकांपैकी बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१चा, बेळगावचा. कासार कुटुंबातला हा मुलगा बेळगावच्या मिशन शाळेत शिकला आणि पुढे मुंबईच्या फ्री चर्चच्या शाळेत गेला. घरची व्रतवैकल्ये मनापासून पाळणाऱ्या या मुलाला एका दिवसात काही साक्षात्कार झाला नाही. वाचन, वाद, मित्रांची संगत आणि शंका यांतून मत हळूहळू बदलत गेले. मधल्या काळात ते परमहंस मंडळी या सुधारक गटात होते. जातिभेद आणि मूर्तिपूजा त्या मंडळींना मान्य नव्हती, पण सभा गुप्तपणे चालायची. जे पटले ते उघडपणे आचरावे की मनात ठेवावे हा प्रश्न त्यामुळे टोकदार झाला. बुद्धीला पटल्यानंतरही आप्त आणि जात सोडण्याच्या विचाराने पाऊल अडत होते. शेवटी ३ सप्टेंबर १८५४ रोजी, तेविसाव्या वर्षी, जन्मगावी बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या कथेत वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी एकत्र दिसतात : शास्त्राचा अभ्यास, जाणत्यांशी चर्चा, विवेकबुद्धीची टोचणी आणि पुरेसा वेळ. पुढचा निर्णयही बोलका आहे. पुण्यात पाळक म्हणून काम केल्यावर ते सोडून त्यांनी स्वतःला लेखनाला वाहून घेतले. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्येच आली होती; देणगी कोणती आहे हे हातातल्या कामाने आधीच दाखवले होते. ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८चे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनी लिहिलेले. प्रवासाचा नकाशा इतका स्पष्ट दिसतो तो मागे वळून पाहताना. चालताना पुढचे पाऊल तेवढे दिसते.

इग्नेशियसची पद्धत

निर्णयाची सर्वांत तपशीलवार पद्धत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात आहे. त्याला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. पद्धतीच्या सुरुवातीलाच दोन मर्यादा आहेत : निवड चांगल्या किंवा निदान निषिद्ध नसलेल्या गोष्टींतच करायची, आणि लग्नासारखा कायमचा निर्णय योग्य रीतीने झाला असेल तर तो पुन्हा उकरायचा नाही. तिथे प्रश्न उरतो तो घेतलेले व्रत नीट निभावण्याचा.

मग मनाचा कल मोकळा करायचा. पगार, मानसन्मान, गावातले नाव यांपैकी कशाकडे मन आधीच झुकले आहे ते प्रामाणिकपणे ओळखायचे आणि देव कोणत्याही बाजूला नेईल तिकडे जायची तयारी मागायची. ही तयारी नसेल तर पुढचा सगळा विचार आधीच ठरवलेल्या उत्तराची वकिली होते. त्यानंतर दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे मांडून बुद्धी कुठे झुकते ते पाहायचे. तेवढ्याने भागले नाही तर आणखी काही कसोट्या आहेत, त्यांतल्या दोन अशा. याच पेचात सापडलेला एखादा अनोळखी माणूस सल्ला मागायला आला तर त्याला काय सांगू? आणि मरणाच्या वेळी मागे पाहताना कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल? आखातातल्या नोकरीचा करार समोर असलेल्या तरुणाने हे दोन प्रश्न स्वतःला विचारले तर पगाराच्या आकड्याशेजारी म्हातारे आईवडील, लहान मूल आणि कर्जाचा हप्ता हेही आपापल्या वजनाने मांडले जातात.

निर्णय झाला की तो प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा आणि मनात काय उमटते ते पाहायचे. टिकणारी शांती आणि प्रीती वाढवणारा उत्साह ही एक खूण; कोरडेपणा, भीती, घाई ही दुसरी. पण शांती म्हणजे सुटका नव्हे. गेथशेमानेत येशूला घाम फुटला होता, तरी तो पित्याच्या इच्छेतच होता. इग्नेशियसचा व्यवहारात सर्वांत उपयोगी नियम असा : मन खचलेले असताना पूर्वीचा निर्णय बदलायचा नाही. परीक्षेत नापास झालेल्या रात्री शिक्षण सोडणे किंवा भांडणाच्या दिवशी घर सोडणे, हे त्या नियमात बसत नाही.

दार आणि परिस्थिती

‘दार उघडले’ आणि ‘दार बंद झाले’ ही भाषा मंडळीत रुळलेली आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १६व्या अध्यायात पौलाला आशिया प्रांतात वचन सांगण्यास मनाई झाली, बिथुनियातही जाता आले नाही. मग त्रोवस इथे त्याला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. पण दृष्टान्त मिळाल्यावरही सोबत्यांनी मिळून त्याचा अर्थ लावला, आणि फिलिप्पै शहरात पोहोचल्यावर फटके आणि तुरुंग वाट्याला आले. म्हणून सोपे जाणे हा होकार नव्हे आणि अडचण हा नकार नव्हे. परिस्थिती ही माहिती आहे, आज्ञा नव्हे; तिचा अर्थ शास्त्र, सल्ला आणि विवेक यांच्या जोडीनेच लावायचा.

निर्णय चुकला तर

सावधपणे घेतलेला निर्णयही चुकू शकतो. नोकरी फसते, शाळा मुलाला झेपत नाही. त्यात पाप असेल तर पश्चात्ताप आणि भरपाई. केवळ अंदाज चुकला असेल तर दुरुस्ती. दोन्ही वेळा देवाची मूळ इच्छा, म्हणजे न्यायाने वागणे, दयाळूपणाची आवड धरणे आणि देवासमोर नम्रपणे चालणे, जी मीखा संदेष्ट्याने सांगितली, ती नव्या जागीही तशीच लागू राहते. उद्या अमुक शहरात जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू असे ठरवणाऱ्यांना याकोबाचे पत्र बेत करू नका असे म्हणत नाही. प्रभूची इच्छा असेल तर, असे म्हणून करा, एवढेच सांगते. बेत आखणे माणसाचे काम आहे. तो बदलावा लागला तर बदलण्याइतका सैल हातात धरणे हा विश्वासाचा भाग आहे.

(पुढील लेखांक : पाचारण आणि पोटापाण्याचे काम)