सही नसलेल्या कराराचं माप
स्थलांतर आणि कायदा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार पाहिला. १८ डिसेंबर १९९० रोजी तो मंजूर झाला आणि अमलात यायला १ जुलै २००३ उजाडला. फिलिपिन्स, श्रीलंका आणि बांगलादेश त्यात सामील आहेत. भारत नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांचा संसार ज्या आखाती देशांतल्या कमाईवर उभा राहिला, त्यांपैकीही एकानं त्यावर सही केलेली नाही. मग या कराराचं माप आपल्या कायद्याला लावायचं तरी कशाला?

त्याचं कारण असं की कायदा तपासताना एकच करार हाती घेत नाहीत. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाविरोधी करार १९९३ मध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्थलांतराविषयीचा जागतिक मसुदा मताला आला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. तो बंधनकारक नाही, पण मत दिलेलं आहे. त्यामुळे ‘आमची सही नाही’ एवढं म्हणून सुटका होत नाही. १९९०च्या कराराचा उपयोग वेगळा आहे. कामगार घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुठे कुठे अडू शकतो, याची सर्वांत सविस्तर यादी त्यात सापडते.

तपासायचा कायदा म्हणजे आपला १९८३चा उत्प्रवासन कायदा. नाव अवघड आहे, अर्थ सोपा : नोकरीसाठी देशाबाहेर जाणाऱ्यांचा कायदा. तो १९२२च्या कायद्याच्या जागी आला, आणि १९२२चा कायदा गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर वसाहतींत नेलेल्या मजुरांच्या, बोटींच्या काळानंतर लगेचचा. ते वळण नव्या कायद्यातही उरलं. ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे पद तिथूनच आलं आणि आजही त्याचं कार्यालय मुंबईत आहे. कामगारांना नेणाऱ्या वाहनाची तपासणी करणं हे या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत आजही लिहिलेलं आहे. कामगार विमानानं जातो, कायदा अजून धक्क्यावर उभा आहे.

पहिलं माप देश सोडण्याच्या स्वातंत्र्याचं. १९७९ मध्ये स्वीकारलेल्या कराराचा बारावा अनुच्छेद म्हणतो की प्रत्येकाला कोणताही देश, स्वतःचासुद्धा, सोडून जाण्याची मुभा आहे. तिच्यावर निर्बंध घालायचे तर ते कायद्यानं घातलेले आणि आवश्यक असले पाहिजेत. आपल्याकडे दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ हा शेरा येतो. अशा माणसाला अठरा ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारी परवानगी लागते. सौदी अरेबिया, कुवेत, ओमान, कतार, मलेशिया ही त्यांतली ओळखीची नावं. कमी शिकलेला माणूस जास्त फसवला जातो, म्हणून त्याचे कागद आधी तपासावेत, हा हेतू मला गैर वाटत नाही. करारनामा, पगार आणि मालक सरकारच्या नोंदीत राहतात, हा फायदाही खरा आहे.

खरी गाठ बायकांच्या बाबतीत बसते. ईसीआर पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालच्या स्त्रीला या देशांत नोकरीसाठी परवानगी मिळत नाही. पुरुषाला ही अट नाही. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावावर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं २००८ मध्ये आपल्या सव्विसाव्या शिफारशीत स्पष्ट सांगितलं की वय, विवाह किंवा गर्भारपणाच्या आधारे स्त्रियांच्या स्थलांतरावर घातलेली बंदी उठवावी. बरं, ही अट १९८३च्या कायद्यात शोधू गेलात तर मिळणार नाही. ती सरकारी आदेशांतून आलेली आहे. म्हणजे निर्बंध ‘कायद्यानं घातलेला’ असावा, या पहिल्याच पायरीवर ती अडखळते.

इथे परदेशी मापाचीही गरज नाही. सतवंत सिंग साहनी खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला आणि कायदा नसताना सरकार मर्जीनं पासपोर्ट नाकारू शकत नाही, असं सांगितलं. त्यानंतरच १९६७चा पासपोर्ट कायदा झाला. पासपोर्ट नाकारायला जर कायदा लागतो, तर पासपोर्ट हातात असलेल्या एकोणतीस वर्षांच्या बाईला अडवायला आदेश कसा पुरतो? अट घरकामाला जाणाऱ्या बायकांच्या छळाच्या तक्रारींमुळे आली, हे खरं. पण गुन्हा मालकाचा आणि दार बंद झालं बाईचं. ज्यांना जायचंच असतं त्या व्हिजिट व्हिसावर जातात, आणि मग तिथल्या वकिलातीच्या नोंदीत त्यांचं नावही नसतं.

पैशाचं माप त्याहून कडक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७चा १८१ क्रमांकाचा करार सांगतो की खासगी भरती संस्थेनं कामगाराकडून, थेट किंवा आडवळणानं, शुल्क घेऊ नये. त्यात अपवादाला थोडी जागा आहे, आणि भारतानं तो स्वीकारलेलाही नाही. पण २०१८च्या ज्या मसुद्याला आपण मत दिलं, त्यातही भरतीचा खर्च कामगारावर टाकू नये असंच आहे. आपला नियम एजंटाला कामगाराकडून तीस हजार रुपये आणि वर जीएसटी घेऊ देतो. प्रत्यक्षात ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून याच्या कितीतरी पट उकळले जातात, हे गावोगावी ठाऊक आहे. त्यासाठी दागिने गहाण पडतात आणि विमानात बसण्याआधीच माणूस कर्जात असतो. अशा माणसाकडून तिथे मालकानं पासपोर्ट काढून घेतला, तर तो काय बोलणार? १९९०च्या कराराचा एकविसावा अनुच्छेद खासगी व्यक्तीनं कामगाराची ओळखपत्रं जप्त करणं बेकायदा ठरवतो. ती जबरदस्ती गप्प सोसायची सवय मात्र इथल्या कर्जापासूनच लागते.

आता शिक्षेकडे या. कायद्याचं चोविसावं कलम परवाना नसलेल्या एजंटाला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. दोन हजार! एका माणसाकडून एजंट जे घेतो, त्यात असे किती दंड भरून होतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. त्याहून खटकणारी गोष्ट त्याच कलमाच्या पहिल्या खंडात आहे. कायद्याचं पालन न करता देशाबाहेर नोकरीला जाणारा माणूसही तिथे गुन्हेगार आहे, आणि त्यालाही शिक्षा तीच. ज्याच्या रक्षणासाठी कायदा केला, तो फसवणाऱ्याच्या रांगेत उभा! माझ्या मते या कायद्यातलं पहिलं खोडायचं वाक्य हेच.

परतीबद्दल कायदा थोडक्यात आटोपतो : परतलेल्यांना शक्य तितकी मदत आणि सल्ला द्यावा. कोविडच्या काळात, मे २०२०मध्ये, ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानांतून जे उतरले, त्यांच्यातल्या अनेकांचे पगार तिकडे अडकले होते. तेवढ्या सल्ल्यानं ते वसूल होण्यासारखे नव्हते.

फिलिपिन्सनं यावर एक उपाय काढला, पण त्यासाठी एक जीव जावा लागला. फ्लोर कॉन्टेम्प्लासियोन या घरकामगार स्त्रीला मार्च १९९५मध्ये सिंगापूरनं फाशी दिली, फिलिपिन्समध्ये संतापाची लाट उसळली, आणि जूनमध्ये तिथे स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्यानुसार परदेशी मालकानं पगार बुडवला तर मनिलातला एजंटही तितकाच देणेकरी. कामगाराला दावा लावायला परदेशी जावं लागत नाही. अर्थात, घरकामगार वगळता बऱ्याच कामगारांकडून एका महिन्याच्या पगाराइतकं शुल्क घ्यायची मुभा तिथेही आहे, तेव्हा १८१ क्रमांकाच्या मापाला फिलिपिन्सही पुरता उतरत नाही.

आपल्याकडे १९८३चा कायदा बदलायचे मसुदे २०१९ आणि २०२१ मध्ये आले आणि पडून राहिले. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी मांडला गेला. तो वाचायला घेणाऱ्यानं कामगाराला शिक्षा सांगणारं वाक्य गेलं का, आणि बुडालेल्या पगारासाठी इथल्या एजंटावर दावा लावता येतो का, हे आधी पाहावं.

पुढच्या आठवड्यात उलट दिशेची वाट : भारतात येणाऱ्यांसाठीचा २०२५चा नवा कायदा, आणि आपण न स्वीकारलेला १९५१चा निर्वासितांचा करार.