द्रवार्बुदे, वरच्या जबड्याची : अंतर्दर्शकीय शस्त्रक्रिया

वरच्या जबड्याच्या हाडात होणारी द्रवयुक्त पिशवी (द्रवार्बुद) नाकपुडीतून दुर्बीण घालून उघडण्याची वा काढण्याची शस्त्रक्रिया. यांपैकी बहुतेक द्रवार्बुदांचे मूळ दातात असते. किडीमुळे दाताचा मगज मृत झाला, की मुळाच्या टोकाशी दाह होऊन तेथील सुप्त पेशी वाढतात व पिशवी बनते. ती बहुधा वेदनेवाचून वाढत गालामागील हाडातील हवेची पोकळी (नासाकोटर) व्यापते. कोटराच्या अस्तरात आढळणाऱ्या लहान श्लेष्मल पुटी निराळ्या. त्रास नसल्यास त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही.

जॉर्ज कॉल्डवेल (१८९३) व आंरी ल्यूक (१८९७) यांच्या जुन्या पद्धतीत ओठाखाली छेद घेऊन कोटराची पुढची भिंत फोडतात. तीत गाल सुजतो, तंत्रिका दुखावल्यास तो बधिर होतो व पुढे कित्येक वर्षांनी व्रणामुळे कोटरातच नवे द्रवार्बुद उद्‌भवू शकते. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या दंडभिंगांमुळे सु. ४ मिमी. व्यासाच्या नळीतून स्वच्छ दिसू लागले आणि ही तोडफोड बरीचशी टळली. सीटी स्कॅन पाहून नाकाच्या बाजूची भिंत उघडतात. पिशवी काढतात किंवा तिचे तोंड नाकात रुंद ठेवतात. द्रव निचरून दाब नाहीसा झाल्यावर हाड हळूहळू भरून येते. काढलेला ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यकच असते, कारण काही प्रकार पुनःपुन्हा उद्‌भवतात.

कोटराच्या पुढच्या व तळाच्या भागापर्यंत उपकरणे नेणे अवघड असते. तेव्हा तोंडातूनही छेद घ्यावा लागतो. मृत दातावर मूळनलिका उपचार न केल्यास किंवा तो न काढल्यास विकार उलटतो. त्यामुळे नाक-कान-घसातज्ञ व दंतवैद्य यांनी मिळून उपचार ठरविणे इष्ट.