शून्यांआधीची तारीख

झिम्बाब्वेची शंभर ट्रिलियन डॉलरची नोट संग्राहकांना तोंडपाठ आहे. एकावर चौदा शून्ये, आपल्या हिशेबात शंभर लाख कोटी. ती जानेवारी २००९मध्ये आली आणि एप्रिलमध्ये त्या देशाने स्वतःचे चलनच थांबवले. पण एवढी एक नोट जपणाऱ्याच्या हाती इतिहासाचा केवळ शेवट लागतो. तो शेवट कसा ओढवला, हे त्याआधीचे साधे, स्वस्त कागद सांगतात. संग्रह करायचा तर त्यांच्यापासून करावा.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मालिकेत सर्वांत मोठी नोट होती २० डॉलरची, आणि १९८०मध्ये हा डॉलर अमेरिकी डॉलरहूनही महाग होता. पुढे शेतीचे उत्पादन कोसळले, सरकारचा खर्च मात्र नोटा छापून भागवला जाऊ लागला. २००३मध्ये रोकड पुरेना, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ‘बेअरर चेक’ काढले. त्यांवर चक्क मुदत छापलेली असे. ऑगस्ट २००६मध्ये तीन शून्ये छाटून आलेल्या चेकांवर ३१ जुलै २००७ ही अखेरची तारीख आहे. पैसा टिकेल हा भरवसा बँकेनेच सोडल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? त्या मालिकेची सुरुवात एका सेंटपासून झाली होती. २००८च्या मध्यापर्यंत पन्नास कोटींचे चेक आणि मग शंभर अब्जांचे ‘अ‍ॅग्रो चेक’ निघाले. ऑगस्टमध्ये दहा शून्ये उडाली आणि त्या शंभर अब्जांचे दहा डॉलर झाले.

हे कागद ढिगाने छापले गेले, त्यांना दुर्मीळपणाचे मोल कुठले, असे म्हटले जाते. बाजारभावापुरते ते खरे आहे. पण संग्रहाचे मोल क्रमातही असते. सुटा चेक काहीच सांगत नाही, तारखांनुसार लावलेले वीस चेक कारण आणि परिणाम दाखवतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोकांच्या हालांचा छंद करावा का? २०१५मध्ये १७५ क्वाड्रिलियनपर्यंतच्या बँक खात्यांना पाच अमेरिकी डॉलर मिळाले. कित्येकांची पुंजी तेवढीच उरली. म्हणूनच चौदा शून्यांची नोट गंमत म्हणून भिंतीवर टांगणे मला खटकते. पूर्ण मालिका मात्र हसू देत नाही. १९८०च्या नोटेवर आणि शंभर ट्रिलियनच्या नोटेवरही एकावर एक तोललेल्या त्याच शिळांचे चित्र आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मधे ते मुदतीचे चेक लावले, की तोल नेमका कुठे गेला ते दिसते.