दोष स्पीकरचा की खोलीचा?

महागडे स्पीकर घरी आणले, जोडले आणि दुकानात ऐकलेला तबला भलताच वाजू लागला, की सगळे ॲम्प्लिफायरच्या नावाने बोटं मोडतात. दोषी बहुतेक वेळा खोली असते.

भिवंडीतल्या नव्या इमारतीतला रिकामा हॉल घ्या: चकचकीत टाइल्स, कोऱ्या भिंती, वर स्लॅब. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज येईल. समोरासमोरच्या भिंती ती टाळी एकमेकींकडे टोलवत राहतात. गाण्यातले शब्द गिचमिड होतात ते यामुळेच.

यावरचा इलाज यंत्रमागांच्या या शहराला नवा नाही: कापड. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे 5.5 सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री तिथे आणायच्या, त्या वाढवत जाऊन घुमारा किती घटतो ते मोजायचं आणि गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग मांडला. ध्वनिशास्त्रातलं एक पायाभूत सूत्र या गाद्यांमधून निघालं. तंतूंच्या जाळीत हवा घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत जाते, एवढीच त्यातली किमया.

पण कापड कुठलंही चालत नाही. पातळ पडदा जवळजवळ निरुपयोगी. तो जाड, वजनदार, भरपूर चुण्यांचा हवा आणि भिंतीपासून वीतभर पुढे. कारण भिंतीला लागून हवा हलतच नाही, मग घासणार काय?

बासपुढे मात्र पडद्याचं काही चालत नाही. 12 फुटी खोलीत साधारण 48 हर्ट्झच्या सुराची बरोबर अर्धी लहर मावते. तो सूर भिंतींपाशी धडाडतो आणि मधोमध गायब होतो. म्हणून स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, स्वतःही ऐन मध्यावर बसू नका. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण साधा. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग, कानाच्या उंचीवर ठेवा. मग बाजूच्या भिंतीवरून कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथेच जाड पडदा लावा किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट ठेवा.

शेजारच्या शेडमधल्या मागांचा खडखडाट मात्र यातल्या कशानेच थांबणार नाही. त्याला जाड भिंत आणि फट न ठेवता बंद होणारी खिडकीच लागते.