कडी का लागत नाही?

दाराची कडी लागेनाशी झाली की आपला राग आधी कडीवर निघतो. जुनी झाली, झिजली, बदलून टाकू. दुकानातून नवी येते, जुन्याच भोकांत बसते आणि पुढच्या पावसाळ्यात तीही अडू लागते. पुष्कळदा बिघाड कडीत किंवा हँडलमध्ये नसतोच. तो बिजागरीत, लाकडात, हवेत किंवा आपल्या सवयींत असतो आणि कडीपाशी फक्त उघडकीला येतो. म्हणून जुनं हँडल भंगारात टाकण्यापूर्वी ते कुठे झिजलंय आणि कोणत्या बाजूने झिजलंय, हे पाहायला हवं. त्यावरून नव्याचं काय होणार, ते कळतं.

आधी बिजागरी पाहू. खोलीचं दार ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० किलो वजनाचं धरलं, तर त्याचा भार बिजागऱ्यांपासून ४५ सेंटिमीटरवर, पल्ल्याच्या मध्यात एकवटतो आणि मोकळी बाजू खाली झुकवू पाहतो. वरची बिजागरी दाराला चौकटीकडे ओढून धरते, खालची त्याला रेटून धरते. दोन्हींत दीड मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीच्या स्क्रूंवर रात्रंदिवस साधारण ९ किलोंची ओढ असते. दार कोणी उघडो वा न उघडो. या ओढीने लाकडाचे तंतू चेपत जातात, स्क्रूचं भोक सैल होतं आणि बिजागरी चौकटीपासून सुटू लागते. ती २ मिलिमीटर सुटली, तर कडीच्या बाजूची कड १.२ मिलिमीटर खाली येते. लॅचची जीभ आणि चौकटीवरच्या पट्टीतली खाच यांच्यात अनेकदा मुळात तेवढीच मोकळीक असते.

याची खूण अगदी स्पष्ट असते. पट्टीतल्या खाचेच्या खालच्या कडेवर घासून चकाकलेली रेघ दिसते आणि दाराच्या वरची फट कडीच्या बाजूला रुंद झालेली असते. अशा वेळी कानस घेऊन खाच मोठी केली, तर आठ-दहा महिने निभतं. दार मात्र झुकतच राहतं. खरं काम वरच्या बिजागरीपाशी आहे. स्क्रू काढायचे, भोकात फेव्हिकॉल लावून लाकडाची खुंटी घट्ट ठोकायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग नव्याने स्क्रू पिळायचे. एखादा स्क्रू चौकटीत खोल जाणारा, लांब घ्यायचा. एवढ्यावर कित्येक ‘बिघडलेल्या’ कड्या न बदलता लागू लागतात.

दुसरी तक्रार जून-जुलैतली. दार फुगतं. कोकणात आणि मुंबईत हे इतकं नेहमीचं आहे की त्यामागची गोष्ट आपण विचारतही नाही. लाकूड हवेतली वाफ शोषतं. पाण्याचे रेणू पेशींच्या भित्तिकांत शिरतात आणि तिथल्या सेल्युलोजच्या धाग्यांना एकमेकांपासून दूर सारतात. हे धागे बहुतांशी खोडाच्या लांबीला धरून असल्याने लाकूड आडवं फुगतं, उंचीत जवळजवळ फुगत नाही. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ८५ टक्के आर्द्रतेत तो १८ टक्क्यांच्या आसपास जातो. रंगवलेलं दार सहसा या टोकांना पोचत नाही, पण निम्मा फरक तरी धरू. सागाची फळी ओलाव्याच्या दर टक्क्यामागे रुंदीत हजारातला एक ते दोन भाग वाढते. तावदानी दाराच्या दोन उभ्या पट्ट्या मिळून २० सेंटिमीटर भरत असतील, तर पल्ला सव्वा ते अडीच मिलिमीटर रुंद होतो. दार आणि चौकट यांच्यातली फट एवढीच ठेवलेली असते. प्लायवुडच्या थरांत तंतूंची दिशा आलटून-पालटून असल्यामुळे फ्लश डोअर रुंदीत कमी वाढतं, पण दोन बाजूंना सारखा रंग नसेल तर बाक धरतं.

जुलैत सुताराला बोलावून कड रंधून घेणं ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. जानेवारीत तेच लाकूड आकसतं, फट वाढते आणि लॅचची जीभ पट्टीत जेमतेम टेकते. मग लोक पुन्हा लॅच बदलतात! रंधायचंच असेल तर पाऊस संपून लाकूड वाळल्यावर, आवश्यक तेवढंच रंधावं आणि उघडं पडलेलं लाकूड लगेच रंगवावं. दाराची वरची आणि खालची कड तर आवर्जून तपासावी. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बहुतेक घरांत कोरीच राहते. तिथे उभ्या पट्ट्यांच्या तंतूंची तोंडं उघडी असतात आणि त्यांतून ओलावा सपाट बाजूपेक्षा कितीतरी पट वेगाने आत जातो.

आता प्रत्यक्ष हँडलकडे येऊ, कारण तेही झिजतंच. मॉर्टिस हँडलच्या आतून पोलादाची चौकोनी दांडी जाते, बहुधा ८ मिलिमीटरची. दुकानदार तिला स्पिंडल म्हणतात. स्वस्त हँडल जस्ताच्या मिश्रधातूचं ओतलेलं असतं, वर क्रोमचा मुलामा. पोलाद कठीण, जस्त मऊ. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेला नियम सांगतो, की झीज भार आणि घासण्याच्या अंतराच्या प्रमाणात वाढते आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे दांडी तशीच राहते आणि हँडलमधल्या चौकोनी भोकाचे कोपरे गोलसर होत जातात. भोक ०.२ मिलिमीटरने मोठं झालं, की १२ सेंटिमीटर लांबीच्या हँडलचं टोक सुमारे ६ मिलिमीटर नुसतंच हलतं. हाताला जाणवणारा तो खुळखुळेपणा हाच. मात्र ज्या हँडलमध्ये दांडी बारीक स्क्रूने आवळलेली असते, तिथे तो स्क्रू आधी तपासावा. अनेकदा तोच ढिला झालेला असतो आणि अॅलन कीने आवळला की काम भागतं.

हँडल आडवं न राहता खाली लोंबू लागलं, तर स्प्रिंग थकली. धातू एकदाच्या मोठ्या भाराने मोडतो, तसाच छोट्या भाराच्या असंख्य फेऱ्यांनीही मोडतो. जर्मन अभियंता ऑगुस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. चौघांच्या घरात बाथरूमचं दार दिवसाला २५ वेळा उघडलं, तर वर्षाला ९ हजारांवर फेऱ्या होतात. युरोपीय मानकात हँडलची चाचणी मध्यम वापरासाठी १ लाख आणि जास्त वापरासाठी २ लाख फेऱ्यांची असते, म्हणजे अकरा किंवा बावीस वर्षं. पाच वर्षांतच हँडल लोंबलं, तर माल हलका होता, नाहीतर त्याच्यावर ओला टॉवेल आणि भाजीची पिशवी टांगायची सवय घरात आहे. त्या वजनाने स्प्रिंग सतत दाबलेली राहते आणि हँडलचं मानेशी असलेलं बेअरिंग एका बाजूने झिजतं.

बाथरूमच्या कड्या गंजण्याचं एक कारण पाण्यापेक्षा जास्त घातक आहे. फरशी धुण्यासाठी आपण जे ‘अॅसिड’ वापरतो, ते हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याची वाफ बंद जागेत साठते आणि बाटली कडीला कधी लागली नाही तरी कडी खाते. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदतं आणि तिथे तांबूस ठिपके उमटतात. समुद्राजवळच्या घरांत हेच काम खारं वारं करतं. अशा ठिकाणी दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६ प्रतीचं स्टील ३०४ पेक्षा टिकाऊ ठरतं. स्वस्त २०२ प्रत तिथे घेऊच नये.

पितळेचा शत्रू निराळा, अमोनिया. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं भारतात तबेल्यांत ठेवली जात आणि पावसाळा सरला की त्यांना आपोआप तडे गेलेले आढळत. कारण १९२१ पर्यंत उलगडलं नाही. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडणीच्या वेळी पितळेत राहिलेला ताण, या तिन्हींनी मिळून ते तडे पाडले होते. म्हणून अमोनियायुक्त काचक्लीनरने पितळी मूठ पुसू नये.

कुलूप जड फिरू लागलं की त्यात खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडण्याची आपल्याला घाई असते. तेलात धूळ बसते आणि चिकट लगदा तयार होतो. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड, म्हणजे ग्राफाइट, किल्लीवर चोळून आत-बाहेर करणं जास्त चांगलं.

नवं घ्यायची वेळ आलीच, तर जुनं हँडल पिशवीत घालून दुकानात न्या आणि चार मापंही लिहून न्या: दाराची जाडी, दाराच्या कडेपासून चौकोनी भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, तिथून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि स्पिंडलची जाडी. यांतलं एक जरी चुकलं, तर दारात नवीन भोकं पाडावी लागतात, आणि भोकांनी पोखरलेलं लाकूड स्क्रू धरत नाही.

घरात वयस्कर माणसं असतील, तर गोल मुठीऐवजी लांब हँडल घ्या. गोल मुठीची त्रिज्या अडीच-तीन सेंटिमीटर, हँडलची लांबी अकरा-बारा. तेच काम चौथाई बळात होतं. शिवाय मूठ फिरवायला ती घट्ट आवळावी लागते, जे संधिवाताच्या बोटांना किंवा साबणाच्या हाताला जमत नाही. हँडल कोपरानेही दाबता येतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने मार्च २०१४ पासून नव्या घरांत गोल मुठी बसवण्याला मनाई केली, ती याचसाठी.

आणि बाथरूमच्या आतली टॉवर बोल्ट. तोल जाऊन माणूस आत पडला, तर ती बाहेरून उघडता येत नाही, दार मोडावं लागतं. तिच्या जागी बाहेरच्या बाजूला खाच असलेला लॅच मिळतो. नाणं घालून फिरवलं की उघडतो. बाथरूमचं दार आत उघडत असेल, तर पडलेल्या माणसाचं अंगच दाराला अडसर होतं, म्हणून बिजागऱ्या बदलायला निघालाच आहात, तर ते बाहेर उघडेल असं करून घेता येईल का, हेही सुताराला विचारा.