एडिथ वाचली असती तर…

दिवाळीला आमचे धाकटे भाऊजी पुण्याहून आले की घरात दोन गोष्टी हमखास वाढतात, चकल्यांचा खप आणि वाद. वाद राजकारणावर नाही, सोन्याच्या भावावर नाही. "एडिथ मेली नसती तर काय झालं असतं?" यावर! यंदा फराळाच्या वेळी भाऊजी आणि आमची अकरा वर्षांची कन्या त्या एडिथवरून असे काही भांडले, की सासूबाईंनी स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारले, "कोण गं ही एडिथ? त्याच्या ऑफिसातली का?"

मैत्रिणींनो, एडिथ कुणाच्या ऑफिसातली नाही. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन टेलिव्हिजन मालिकेतली ती एक बाई, आणि तीही मोजून एका भागात आलेली. ८ सप्टेंबर १९६६ रोजी ही मालिका अमेरिकेत सुरू झाली. तेविसाव्या शतकातले एक अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, टोकदार कानांचा शांत स्पॉक आणि तापट डॉक्टर मॅकॉय. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही लागत असे. 'टोकदार कानांचा' म्हटल्याबरोबर सासूबाईंनाही तो आठवला.

एडिथचा भाग अमेरिकेत ६ एप्रिल १९६७ ला दाखवला गेला. डॉक्टर मॅकॉयला चुकून एका औषधाचा भलताच मोठा डोस टोचला जातो. त्या भ्रमात तो काळाच्या एका दारातून १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतो आणि तिथे असे काही करतो, की पुढचा सगळा इतिहासच पुसला जातो. कर्क आणि स्पॉक त्याला शोधायला जातात. मंदीचे दिवस, माणसे बेकार आणि उपाशी. एडिथ कीलर नावाची तरुणी त्यांच्यासाठी अन्नछत्र चालवते आहे. कर्क तिच्या प्रेमात पडतो. आणि मग स्पॉकला कळते, की एडिथला त्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात मरण यायला हवे. ती जगली तर तिची शांततेची चळवळ इतकी वाढेल, की अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरेल, तेवढ्या अवधीत जर्मनी अणुबॉम्ब तयार करील आणि युद्ध जिंकेल. मॅकॉयचा गुन्हा एवढाच, की त्याने तिला वाचवले! शेवटी ट्रक येतो, मॅकॉय धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो.

या गोष्टीला आता साठ वर्षे होत आली, पण चाहत्यांनी कर्कला अजून सोडलेले नाही. त्याने तिला आपल्याबरोबर भविष्यात का नेले नाही? ती १९३० मधून नाहीशी झाली असती तरी चळवळ झालीच नसती. इतिहास जागच्या जागी, आणि बाईही जिवंत! दुसरी बाजू म्हणते, तिच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात छापलेली स्पॉकने पाहिली आहे. नाहीसे होणे आणि मरणे एक नव्हे. शिवाय इतिहास दुरुस्त झाल्याशिवाय त्यांना परत जाताच येत नाही. यावर पहिली बाजू १९८६ चा 'स्टार ट्रेक'चा चौथा चित्रपट पुढे करते. त्यात हाच कर्क सॅन फ्रान्सिस्कोहून दोन देवमासे आणि त्यांचा अभ्यास करणारी जिलियन नावाची शास्त्रज्ञ बाई खुशाल तेविसाव्या शतकात घेऊन येतो. "देवमाशांना जागा झाली, एडिथला नाही झाली?" असे आमच्या कन्येचे म्हणणे, आणि ते मला बिनतोड वाटते.

हा भाग लिहिला हार्लन एलिसन यांनी. पण त्यांच्या पटकथेत पुष्कळ फेरफार केले गेले, आणि तो राग त्यांनी जन्मभर धरला. त्यांच्या मूळ लिखाणात शेवटच्या क्षणी कर्कचे पाऊलच उचलत नाही, जे करायचे ते स्पॉकला करावे लागते. कोणता शेवट खरा, हाही एक वाद आहेच. मला विचाराल तर मूळचा. पण मला सगळ्यात आधी पडला तो प्रश्न निराळाच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या रांगेतल्या माणसांना सूप वाढले कुणी?

आधी मला वाटे, ही रिकामटेकड्यांची कामे. पण या वादांची मुळे भाऊजींनी सांगितली आणि माझे मत बदलले. १९६७ साली डेव्हरा लँगसॅम आणि शर्ना कॉमरफोर्ड या दोन अमेरिकन तरुणींनी 'स्पॉकॅनेलिया' नावाचे हौशी अनियतकालिक काढले. स्टेन्सिल कापायचे, यंत्रावर प्रती काढायच्या, पोस्टाने पाठवायच्या. आमच्या शाळेतल्या जुन्या बाई सायक्लोस्टाईल प्रश्नपत्रिकांच्या आठवणी सांगतात ना, तसेच! अशा अंकांतून कथा लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. मालिकेत जे झाले नाही ते घडवून बघायचे आणि वाचणाऱ्यांनी पत्रांतून त्यावर तुटून पडायचे. प्रश्न एका अंकात आणि उत्तर काही महिन्यांनी पुढच्या अंकात! त्याच सुमारास मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो ट्रिंबल या बाईंनी नवऱ्याच्या साथीने पत्रमोहीम उघडली. १ मार्च १९६८ ला वाहिनीने भाग संपल्यावर पडद्यावरच जाहीर केले, की मालिका चालू राहणार. ती आणखी एकच वर्ष चालली, एकूण ७९ भाग झाले. पण ती पत्रे गेली नसती तर पुनःप्रक्षेपणाला पुरेसे भागच नसते आणि पुढच्या मालिका, चित्रपट काहीच झाले नसते, असे चाहते सांगतात. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांचे संमेलन भरले. येतील काही शे म्हणून अंदाज होता, लोटली हजारो माणसे.

या वादाला एक शिस्त आहे, ती मात्र मला फार आवडली. एकच गोष्ट बदलायची. बाकी जग जसेच्या तसे, आणि त्या एका बदलामागून जे जे ओढत येईल ते सगळे पत्करायचे. आपल्या जयंत नारळीकरांची पानिपतावरची कथा अशीच आहे. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते, एवढाच बदल. इंग्रजीतली ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतली गेली. शेजारच्या मुलीला ती शिकवताना आम्ही दोघी पानिपत जिंकून भलतीकडेच पोचलो होतो, स्वाध्याय राहिलाच!

पण मला खरी चटका लावून गेली ती कप्तान जेनवेची गोष्ट. 'व्हॉयेजर' ही 'स्टार ट्रेक'मधलीच १९९५ ते २००१ या काळातली मालिका, आणि तिची नायिका ही बाई. पहिल्याच भागात परक्या लोकांना वाचवण्यासाठी ती घरी परतण्याचे एकमेव साधन नष्ट करते आणि सगळे यान घरापासून ७० हजार प्रकाशवर्षांवर अडकते. (घड्याळ लावलेला बॉम्ब ठेवून निघून का आली नाहीस, असे चाहते तिला अजून विचारतात!) शेवटच्या भागात दिसते, की २३ वर्षांनी ती सगळ्यांना घरी घेऊन आली आहे. पण मध्यल्या काळात २२ सहकारी गेले, आणि वेळेवर घरी पोचता आले असते तर बरा झाला असता असा जुना मित्र बुद्धी हरवून बसला आहे. म्हातारी जेनवे मागे सातव्या वर्षात जाते आणि स्वतःचा जीव देऊन यान १६ वर्षे आधी घरी पोचवते.

गोड शेवट, नाही का? पण त्या भागाच्या सुरुवातीला एक मेजवानी आहे. यानावर जन्मलेली नेओमी तिथे आपल्या सब्रीना नावाच्या छोट्या मुलीला घेऊन येते. दोन मिनिटांचे काम. आता यान १६ वर्षे आधी परतले, नेओमी वेगळ्या जगात वाढली, मग सब्रीना जन्मली का? एक पक्ष म्हणतो, २२ जिवांपुढे न जन्मलेल्या मुलीचा हिशेब कसला करता? दुसरा म्हणतो, ती जन्मली होती, जेनवेने तिला डोळ्यांनी पाहिले होते. मी दोन्हीकडे होकार देत बसले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पानावर बसताना मी सहज बोलून गेले. मी नाशिकला पूर्णवेळ शिक्षिका होते. ह्यांची बदली सांगलीला झाली म्हणून नोकरी सोडली, आता तासिका तत्त्वावर आठवड्याचे थोडे तास शिकवते. म्हटलं, "तेव्हा मी नाशिक सोडलं नसतं तर आज पर्यवेक्षिका असते."

कन्येचा घास हातातच राहिला. "बाबा सांगलीला, तू नाशिकला. मग मी?"

"तू सब्रीना," भाऊजी म्हणाले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू!

कन्या हार मानणारी नाही. "मग दुसरं बदलू. बाबांची बदलीच झाली नाही. आईची नोकरी पण आहे, मी पण आहे."

हे इतका वेळ मान खाली घालून जेवत होते. म्हणाले, "मग आईला त्या रात्री मिरजेला वीस मिनिटांत कसं नेलं असतं?"

चार वर्षांपूर्वी सासूबाईंना हृदयविकाराचा झटका आला होता. थोडा जरी उशीर झाला असता तरी काही खरे नव्हते, असे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. कुणीच काही बोलेना. मी आमटी वाढायला उठले. पर्यवेक्षिका व्हायचे होते ते मला अजूनही वाटते, आणि ते वाटते म्हणून त्या क्षणी सासूबाईंकडे बघवेना.

त्यांनी मात्र वाटी पुढे केली. एडिथची गोष्ट मी त्यांना दुपारी करंज्या भरताना सांगितली होती. भाऊजींकडे वळून म्हणाल्या, "ते राहू दे रे. त्या मुलीला बरोबर न्यायला काय झालं होतं त्याला?"