तलावपाळीचं चर्च आणि इटलीचा टोमास

तलावपाळीवर शेवपुरी खाताना जवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च दिसतं, पण आपण ठाणेकर त्याच्याकडे फारसं बघत नाही. पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन साधूंनी ते उभारलं.

पण इथली गोष्ट पोर्तुगीजांच्या बरीच आधीची. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसरीकडे खाडी आणि तिच्यापलीकडे पारसिकची रांग, अशा बेचक्यातलं हे श्रीस्थानक म्हणजे शिलाहारांची राजधानी. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना अरिकेसरी राजाचा 1017 चा ताम्रपट निघाला. तोच किल्ला, ज्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे!

आणि 1321? त्या वर्षी एप्रिलमध्ये इथे चार फ्रान्सिस्कन मारले गेले. त्यांतला टोमास इटलीतल्या तोलेंतिनोचा, एक पादुआचा, एक सिएनाचा, चौथा तिफ्लिसचा. पुढे ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनपर्यंत गेला. वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. मला तरी ठाण्याच्या इतिहासातलं हे सगळ्यात चक्रावणारं पान वाटतं.

सेंट जॉनचा सण 24 जूनला असतो. पुढच्या वेळी शेवपुरी संपली की पाच मिनिटं चर्चसमोर नक्की थांबा.